शेरा : माहिती लपवली

चाचणीच्या नव्या संचाची पेटी सोमवारी आली. मंगळवारी सकाळी केंद्रातल्या सहा पुरुषांनी नेहमीप्रमाणे बाह्या वर करून रक्त दिले.

ताप-संशोधन केंद्र गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला होते. अकरा माणसे, दोन गाड्या, एक प्रयोगशाळा आणि मागे राहायच्या खोल्या. तिथे मुख्यतः एकच चाचणी होत असे आणि ती बायकांसाठी होती. संच नवा आला की तो बरोबर चालतो का, हे आधी पाहावे लागे. त्यासाठी ज्यात काही सापडणारच नाही अशी खात्री आहे, असे रक्त लागायचे. पुरुषांच्या रक्तात ते सापडणे शक्य नव्हते, म्हणून पुरुष रक्त द्यायचे. त्याला सगळे 'कोरे रक्त' म्हणत.

या वेळी पाच नळ्या कोऱ्या आल्या. सहावी गडद निळी झाली.

सहावी नळी लालसू उसेंडीची होती. उसेंडी केंद्राची मोठी गाडी चालवायचा. वय एक्कावन्न.

भांडारातला गेडाम यंत्राच्या पडद्यासमोर उभा होता. तो ओरडला, "उसेंडीभाऊ, पेढे आणा! तुम्हाला दिवस गेले आहेत."

"मले वाटलंच," उसेंडी दंडावरचा कापूस दाबत म्हणाला. "बायको रोज म्हणते, पोट लय सुटलं म्हणून."

सगळे हसले. केंद्राचे प्रमुख डॉ. दिवाकर भांडेकर हसले नाहीत. ते एरवीही फारसे हसत नसत, आणि पत्नी गेल्यापासून या चौदा महिन्यांत त्यांना हसताना कोणी पाहिले नव्हते.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," ते म्हणाले. "पुन्हा घ्या."

पुन्हा घेतले. पुन्हा निळे. तिसऱ्या वेळी डॉ. नाझनीन शेख यांनी स्वतः रक्त काढले, नळीवर स्वतः नाव लिहिले आणि यंत्रापाशी बसून राहिल्या. नाझनीन मूळच्या बल्लारपूरच्या. पाच महिन्यांपूर्वी पुण्याहून केंद्रात आल्या होत्या. तिसरी नळीही निळी झाली.

"संच खराब आहे," भांडेकर म्हणाले. "परत पाठवा."

"बाकीच्या पाच कोऱ्या आल्यात, सर."

"मग काय ते लिहून ठेवा." असे म्हणून ते जेवायला खोलीवर गेले. तेव्हा सव्वाअकराच वाजले होते.

खोलीवर जाऊन ते जेवले नाहीत. खुर्चीवर बसून राहिले. कोऱ्या रक्ताची नळी निळी झालेली त्यांनी याआधी एकदा पाहिली होती. सात वर्षांपूर्वी. ती नळी त्यांच्या पत्नीची होती.

तेव्हा केंद्रात माणसे कमी होती आणि कोरे रक्त अपुरे पडत होते. ज्योत्स्ना डबा घेऊन प्रयोगशाळेत आली होती. तिने अडचण ऐकली आणि म्हणाली, "माझं घ्या की. मला कुठे मूल झालंय? मीही कोरीच." ती हे सहज बोलली. मूल न होण्याबद्दल दोघांनी जे बोलायचे ते फार आधी बोलून संपवले होते. तिला कधी दिवस गेले नव्हते. निदान भांडेकरांना तसे माहीत होते.

नळी निळी झाली. भांडेकरांनी संध्याकाळी तिला सांगितले, "तुझा नमुना खराब झाला. रक्त गोठलं."

"बरं," ती म्हणाली.

चाचणी चुकत नाही, हे त्यांना माहीत होते. ती त्यांनीच उभी केली होती. ती एकच गोष्ट सांगायची : या बाईला कधीतरी दिवस गेले होते, आणि तेव्हा तिला हिवताप झाला होता. त्यांनी मनात वर्षे मोजली. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ते आठ महिने प्रशिक्षणाला परदेशात होते. ज्योत्स्ना तेव्हा इथेच, याच खोल्यांत होती.

त्यांनी तिला विचारले नाही. रागावलेही नाहीत. फक्त त्या दिवसापासून काहीच विचारायचे थांबले. जेवलीस का, बरं आहे का, हेही हळूहळू थांबले. तिने दोनदा विचारले, "माझं काही चुकलंय का?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "काही नाही. काम आहे." तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. साडेचार वर्षांनी तिच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. तोपर्यंत ती यकृतात पोचली होती. पोट दुखते हे तिने किती महिने अंगावर काढले, ते त्यांना शेवटपर्यंत नीट कळले नाही. नागपूरच्या रुग्णालयात ते रोज तिच्याजवळ बसत. तिला विचारून टाकावे असे रोज वाटे. मरणाऱ्या माणसाला असे विचारू नये, असेही वाटे. मग ती गेली, आणि विचारायला कोणी उरले नाही.

ती गेल्यावरही तोच एक प्रश्न उरला होता. तिने का लपवले?

*

दुपारी नाझनीन त्यांच्या टेबलापाशी येऊन बसल्या.

"सर, मी कर्करोगाच्या संशोधनातून इकडे आले आहे. हिवतापाचं मला पाठ आहे, पण पक्कं नाही. तुम्ही मला पहिल्यापासून सांगाल?"

भांडेकर थकले होते, पण शिकवताना त्यांना बरे वाटायचे.

"परजीवी तांबड्या पेशीत शिरतो," ते म्हणाले. "आत बसून वाढतो. पण त्या पेशीचा लवचिकपणा जातो. आपली पानथरी, म्हणजे प्लीहा, असल्या ताठर पेशी गाळून मारते. म्हणून परजीवीला पानथरीकडे जायचंच नसतं. तो काय करतो, आतून एक प्रथिन बनवतो आणि पेशीच्या बाहेरच्या अंगाला लावतो. त्याला आपण बिलगक म्हणतो. रानातून आल्यावर धोतराला आघाड्याचं बी चिकटलेलं असतं ना, तसं. ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि तिथेच बसते. पानथरीपर्यंत जातच नाही."

"आणि शरीर ते बिलगक ओळखत नाही?"

"ओळखतं. त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पण परजीवीकडे साठ प्रकारचे बिलगक असतात. एका वेळी एकच लावतो. तो ओळखला गेला की काढतो, दुसरा लावतो. प्रत्येक बिलगकाची चिकटायची जागा वेगळी. त्यातला एक असा आहे, की तो फक्त वारेला चिकटतो. गरोदर बाईच्या गर्भाशयात जी वार असते तिला. वारेच्या पेशींवर एक साखर असते. तिची रचना इतर जागच्या साखरेपेक्षा निराळी. हा बिलगक तेवढीच साखर धरतो."

"म्हणून पहिलटकरणीला ताप जास्त बाधतो."

"हो. तिच्या शरीराने तो बिलगक पाहिलेलाच नसतो. वारेत कोट्यवधी पेशी येऊन बसतात. पोराला रक्त पुरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तिच्याजवळ प्रतिपिंडं असतात, मग सोपं जातं. आपली चाचणी तीच प्रतिपिंडं शोधते. ज्या बाईकडे नाहीत तिला लस द्यायची. एवढंच आपलं काम."

नाझनीन म्हणाल्या, "पुरुषाच्या अंगात परजीवी हा बिलगक लावतच नाही का?"

"लावतो. साठातला एक आहे, कधीतरी त्याची पाळी येणारच. पण लावून उपयोग नाही. चिकटायला वार कुठे आहे? त्या पेशी वाहत पानथरीत जातात आणि मरतात. अशा चार पेशींसाठी शरीर प्रतिपिंडं बनवत बसत नाही. पुष्कळ पेशी, पुष्कळ दिवस एका जागी बसल्या तरच बनतात."

"म्हणजे उसेंडींच्या अंगात त्या पुष्कळ दिवस कुठेतरी बसल्या होत्या."

"पुरुषाला वार नसते, नाझनीन."

"वार नाही म्हणत मी. जागा म्हणते. चाचणी एवढंच सांगते, की चिकटायला जागा मिळाली होती. ती जागा वारच होती, हे आपण धरून चाललोय."

भांडेकरांनी मान वर केली.

"पुण्याला मी या साखरेवरच काम करत होते," नाझनीन म्हणाल्या. "वार काय करते, सर? आईच्या मांसात घुसते. तिच्या रक्तवाहिन्या आपल्याकडे वळवून घेते. झपाट्याने वाढते. आणि अर्धी परकी असूनही शरीर तिला हाकलत नाही. हे सगळं करणारं दुसरं काय असतं?"

उत्तर त्यांना येत होते. नाझनीनने पुढे बोलू नये असे त्यांना वाटले.

"कर्करोगाची गाठ," नाझनीन म्हणाल्या. "वार वाढताना ज्या युक्त्या वापरते त्याच गाठ वापरते. साखरसुद्धा तीच. बहुतेक गाठींवर सापडते. हे काही मी शोधलेलं नाही, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच छापून आलंय."

"मी वाचलं होतं," भांडेकर म्हणाले. त्यांनी खरेच वाचले होते. दुसऱ्यांचे काम म्हणून वाचले आणि बाजूला ठेवले होते.

"मग या भागातल्या माणसाच्या अंगात गाठ असेल, आणि त्याला ताप आला, तर त्या बिलगकाला चिकटायला जागा मिळेल. प्रतिपिंडं तयार होतील. पुरुष असो की बाई. उसेंडींना गेल्या वर्षी ताप आला होता, मी विचारलं. त्याआधीच्या प्रत्येक वर्षी त्यांचं रक्त कोरं आहे."

"त्यांना नागपूरला पाठवा," भांडेकर म्हणाले. "आजच. पूर्ण शरीराचं चित्रण, स्कॅन करायला सांगा."

"आणि सर, आपण पुरुषांची चाचणी कधी करत नाही. बायकांना आपण आधी विचारतो, कधी दिवस गेले होते का. ज्यांनी नाही म्हटलं आणि तरी नळी निळी झाली, अशा बायका असतील ना? त्यांचं आपण काय केलं?"

भांडेकर उठले आणि खिडकीशी गेले. बाहेर उसेंडी गाडीची काच पुसत होता आणि गेडाम त्याला अजून चिडवत होता.

"शेरा लिहिला," ते म्हणाले.

"काय शेरा?"

"माहिती लपवली."

तो शेरा त्यांनीच ठरवला होता. सात वर्षांपूर्वी, ज्योत्स्नाची नळी निळी झाली त्याच्या पुढच्या महिन्यात. त्याआधी अशा नमुन्यांपुढे प्रश्नचिन्ह असायचे. त्यांनी प्रश्नचिन्ह काढायला लावले. बैठकीत ते म्हणाले होते, "बाई काय सांगते यावर जाऊ नका. घरच्या माणसालाही सांगत नाहीत, आपल्याला कुठून सांगणार? रक्त खोटं बोलत नाही." सगळ्यांना ते पटले होते.

*

उसेंडीच्या उजव्या मूत्रपिंडात चार सेंटिमीटरची गाठ निघाली. अजून कुठे पसरलेली नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर विचारले, की काही त्रास नसताना तुम्ही याला कशावरून पाठवलंत? नाझनीनना तेच उत्तर दोनदा सांगावे लागले.

फोन ठेवून नाझनीन भांडेकरांकडे आल्या. त्यांच्या समोर यादी छापून ठेवलेली होती. सात वर्षांत नऊ हजार चारशे बायकांची चाचणी झाली होती. त्यात शेरा असलेल्या त्रेसष्ट.

"त्रेसष्ट," नाझनीन म्हणाल्या.

"चौसष्ट. एक यादीत नाही."

"ती कोण?"

"माझी बायको."

नाझनीन खुर्चीवर बसल्या. भांडेकरांनीच पुढे सांगितले, नमुन्याची तारीख सांगावी तसे. "त्या पावसाळ्यात तिला दोनदा ताप आला होता. गाठ तेव्हा लहान असणार. आतड्यातली गाठ हळू वाढते. तेव्हा कापून निघाली असती."

"सर, तेव्हा कुणालाच—"

"मी तिला विचारलं असतं, तर ती नाही म्हणाली असती," ते म्हणाले. "ती नाही म्हणाली असती आणि मला कळलं असतं, की ती खरं बोलते आहे. तेवढं मी तिला ओळखत होतो. मग हे पुरुषांच्या रक्तात निघेपर्यंत थांबायची गरज नव्हती. मी विचारलं नाही." त्यांनी यादी उचलली. "ते सोडा आता. त्रेसष्ट जणी आहेत."

एक सोपा उपाय भांडेकरांना सुचला होता. बिलगकालाच चमकणारा अणू जोडून टोचावा, म्हणजे गाठ असेल तिथे तो जाऊन चिकटेल आणि चित्रात दिसेल. नाझनीनने नकारार्थी मान हलवली. या बायकांच्या रक्तात त्याच बिलगकाविरुद्धची प्रतिपिंडे होती. गाठीपर्यंत पोचायच्या आत ती त्याला पकडणार. ज्यांना गरज होती त्यांच्यातच तो चालणार नव्हता. तेव्हा नागपूरच्या चित्रणाशिवाय इलाज नव्हता आणि त्यासाठी प्रत्येकीच्या दारी जावे लागणार होते.

त्रेसष्टांतल्या एकोणीस वारल्या होत्या. मृत्यूच्या नोंदींत कारणे लिहिलेली होती : पोटात गाठ, अंगात रक्त नाही, अशक्तपणा, माहीत नाही. भांडेकरांनी ती पाने एकदा वाचली आणि नाझनीनकडे दिली.

उरलेल्या चव्वेचाळीस जणींकडे ते दोघे स्वतः गेले. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट स्पष्ट झाली. चाचणी गाठ आणि गर्भ यांतला फरक सांगू शकत नव्हती. काही जणींनी खरोखरच लपवले होते. एक बाई शेतावर नेऊन, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून हळूच म्हणाली, "होय साहेब, लग्नाआधी. आईनं एका बाईकडे नेलं होतं." भांडेकरांच्या तोंडून निघून गेले, "फार चांगलं झालं." बाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

त्यानंतर प्रत्येक दारात उभे राहताना त्यांना वाटायचे, ही खोटे बोललेली असू दे. सात वर्षे ज्या गोष्टीचा त्यांना राग होता, तीच आता ते मागत होते. अकरा जणी खोटे बोलल्या होत्या. सहा जणी गाव सोडून गेल्या होत्या. सव्वीस जणी नाहीच म्हणत राहिल्या. त्या नागपूरला गेल्या, आणि त्यांतल्या पंधरा जणींच्या अंगात गाठ निघाली.

एक राहिली होती. यमुना कोवासे. वय चव्वेचाळीस, अविवाहित. एका आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहात ती सोळा वर्षे स्वयंपाक करत होती, असे नोंदीत होते. पत्ता मात्र आता शाळेचा नव्हता.

*

त्या दिवशी गाडी उसेंडी चालवत होता. शस्त्रक्रियेला अडीच महिने झाले होते आणि घरी बसून तो कंटाळला होता. नाझनीन ओरडल्या तरी त्याने ऐकले नाही.

कोवासेबाईंचे घर गावाच्या कडेला होते. त्या अंगणात मोहाची टोळ, म्हणजे तेलाच्या बिया, फोडत बसल्या होत्या. गाडीवरचे केंद्राचे नाव त्यांनी लांबूनच वाचले. भांडेकर जवळ येईपर्यंत त्यांनी हातातला दगड खाली ठेवला होता.

"बाई, मी डॉक्टर भांडेकर. पाच वर्षांपूर्वी तुमचं रक्त—"

"हो," त्या म्हणाल्या. "गेले होते मला दिवस. लिहा अन् जा."

भांडेकरांनी सुटकेचा श्वास सोडला. नाझनीनने वही उघडली. चव्वेचाळिसावे नाव होते, आणि दोघेही दमले होते.

मग भांडेकरांनी वहीवर हात ठेवला. "कधी?" त्यांनी विचारले.

"काय कधी?"

"कधी गेले होते?"

"तुम्हीच सांगा. तुमच्या मशिनीला माहीत आहे ना." कोवासेबाई उठून उभ्या राहिल्या. "पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. मग तुमची आरोग्यवाली बाई शाळेच्या स्वयंपाकघरात आली. पोळ्या लाटत होते मी. सगळ्यांसमोर म्हणते, नीट आठवून सांग, रक्तात निघालंय. मी नाही म्हटलं. आठ दिवसांनी परत आली. परत नाही म्हटलं. दोन दिवसांत साऱ्या गावाला माहीत. मुख्याध्यापक म्हणाले, मुलींचं वसतिगृह आहे बाई, लोक बोलतात. सोळा वर्षं त्या पोरींना जेवायला वाढलं मी. तीनदा नाही म्हटलं, तर हे झालं. आता हो म्हणते. आता तरी सोडा."

गाडीला टेकून उभा असलेला उसेंडी पुढे आला.

"बाई, माझ्याबी रक्तात हेच निघालं होतं," तो म्हणाला.

कोवासेबाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. त्याच्या मिशीवर त्यांची नजर थांबली.

"खरंच," उसेंडी म्हणाला. "पण मले कोणी नाही विचारलं, लेकरू कुठं टाकलं म्हणून. मले नागपूरला नेलं. किडनीत गाठ होती. काढली." त्याने शर्ट वर करून कुशीवरचा व्रण दाखवला.

मग नाझनीनने खाली बसून सगळे समजावून सांगितले. वारेची साखर, गाठीची साखर, चिकटणाऱ्या पेशी. कोवासेबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मधे त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते.

"म्हणजे माझ्या अंगात गाठ आहे."

"असू शकते," भांडेकर म्हणाले. "तुमच्यासारखं उत्तर देणाऱ्या सव्वीस जणींतल्या पंधरा जणींना निघाली. लवकर सापडली तर काढता येते. म्हणून मला खरं उत्तर पाहिजे. तुम्ही आत्ता म्हणालात ते मी धरत नाही. मी तुमचं पहिलं उत्तर धरून आलोय."

"बाकीच्या अकरा जणींना काय निघालं?"

"काही नाही."

"मग त्या खोट्या ठरल्या."

"तसं नाही. गाठ जिरूनही गेली असेल. आम्हाला सांगता येत नाही."

"तुम्हाला सांगता येत नाही. गावाला येते." कोवासेबाईंनी हात पदराला पुसले. "गाठ निघाली तर मी खरी. नाही निघाली तर मी बरी, पण खोटी. असंच ना? माझं खरेपण माझ्या पोटातल्या गाठीवर?"

भांडेकरांनी नाझनीनच्या हातातली वही मिटली.

"मी नागपूरला येते," कोवासेबाई म्हणाल्या. "पण आधी शाळेत चला. मी खरं बोलले होते, हे तिथे सांगा. जाण्याच्या आधी. आल्यावर नाही."

नाझनीन भांडेकरांना गाडीच्या पलीकडे घेऊन गेल्या. "सर, आपण त्यांना समजावू. तपासणीनंतर लेखी देऊ. आज आपल्याजवळ पुरावा काहीच नाही. उद्या चित्रण स्वच्छ आलं तर केंद्राने सांगितलेलं खोटं पडेल. मग बाकीच्या गावांतही कोणी आपलं ऐकणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," भांडेकर म्हणाले.

"मग?"

"मी आजपर्यंत पुराव्याशिवाय कुणावर विश्वास ठेवला नाही, नाझनीन. घरीसुद्धा नाही." त्यांनी खिशातून पेन काढले. "एक कागद द्या."

शाळा अर्ध्या तासावर होती. ते पोचले तेव्हा दुपारच्या जेवणाची पंगत बसली होती. दीडशे मुली, दोन नव्या स्वयंपाकिणी, चार शिक्षक. मुख्याध्यापक घाईने खुर्ची घेऊन आले. कोवासेबाईंना पाहून ते थबकले. थोरल्या मुलींतल्या काही जणींनी त्यांना ओळखले, आणि ताटांवरची कुजबुज वाढत गेली.

भांडेकर खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी कागद उघडला. कार्यालयीन भाषेशिवाय त्यांना दुसरे काही लिहिता आले नव्हते.

"ताप-संशोधन केंद्राच्या वतीने कळवतो, की यमुना मासा कोवासे यांनी केंद्राला दिलेले उत्तर खरे होते. त्यांच्या नावापुढे चुकीचा शेरा लिहिला गेला. शेरा मी ठरवला होता. त्यांना न विचारता ठरवला होता. त्या खरे बोलत होत्या."

मुख्याध्यापकांनी नाझनीनकडे पाहिले. "म्हणजे नवीन तपासणी झाली का? अहवाल आला?"

"नाही," नाझनीन म्हणाल्या. मग त्यांनी जोडले, "तपासणी व्हायची आहे. सर आधी सांगत आहेत."

कोवासेबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. मागच्या रांगेतल्या मुली माना उंचावत होत्या.

"मागं ऐकू नाही गेलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा वाचा."

भांडेकर मागच्या रांगेपाशी गेले. कागद त्यांनी वर धरला, पण या वेळी त्यांचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. पहिली वाक्ये, केंद्राचे नाव, सगळे राहून गेले.

"ती खरं बोलत होती," ते म्हणाले. "मी विचारलं नाही."